नेमबाजीच्या रेंजवर पोलादी टार्गेट बसवताना: कोल्हापूर परिसरातील एक प्रकरण अभ्यास

अभ्यासासाठी घेतलेली परिस्थिती अशी. कोल्हापूरच्या पश्चिमेला, पन्हाळ्याकडच्या अंगाला एका जुन्या दगडखाणीत परवानाधारक रेंज आहे. .२२ रायफलसाठी ५० मीटरची रांग, टिनाची शेड आणि कागदी टार्गेटच्या चौकटी एवढीच व्यवस्था. जिल्ह्यात नेमबाजीचे वेड जुने आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (झोपून नेम धरण्याच्या प्रकारात) जागतिक विजेतेपद मिळवले. २०२४ मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ऑलिंपिक कांस्य जिंकले. त्यामुळे मुलांची गर्दी वाढली. कागद बदलण्यात वेळ जातो आणि गोळी लागल्याचा आवाज ऐकला की नवशिक्यांचा हुरूप वाढतो, म्हणून क्लबने लोखंडी प्लेटा लावल्या. शिवाय .३१५ बोअरची, म्हणजे मोठ्या आणि जड गोळीची, रायफल असलेल्या काही सभासदांना १०० मीटरवर चालणारे टार्गेट हवे होते. दोन्ही गरजा त्याच पाच प्लेटांवर भागवल्या गेल्या.

प्लेटा १० मिमी जाडीच्या, उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून उरल्यासुरल्या तुकड्यांतून आणलेल्या. गॅस कटरने गोल कापून, मागे २ इंची पाइप वेल्ड करून जमिनीत सरळ उभ्या रोवलेल्या. काही महिन्यांनी मुलांना सोपे जावे म्हणून त्यांतल्या दोन उपटून २५ मीटरवर आणल्या. एका सकाळी .२२ च्या गोळीचा शिशाचा तुकडा उलटा आला आणि शेडच्या डाव्या टोकाला बाकावर बसलेल्या एका पालकाच्या हातावर ओरखडा उठला. डोळ्यांवर चष्मा नव्हता. चार बोटे वर लागला असता तर हे प्रकरण फार वेगळे झाले असते.

पाहणीत काय दिसले

पहिली प्रतिक्रिया ‘प्लेट पातळ पडली’ अशी होती आणि १६ मिमीच्या प्लेटा आणायचे ठरतही होते. तो उपाय चुकीचा ठरला असता. .२२ ची साधी गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची. ३३० मीटर प्रतिसेकंद वेगाला तिची ऊर्जा १४० ज्यूलच्या आसपास भरते. १० मिमी लोखंड भेदणे तिच्या आवाक्यात नाही. प्लेट कुठेही आरपार गेलेली नव्हती. बिघाड पृष्ठभागात होता.

२५ मीटरवर आणलेल्या दोन्ही प्लेटा पूर्वी १०० मीटरवर .३१५ साठी वापरलेल्या होत्या. मऊ लोखंडावर त्या जड गोळ्यांनी बोटाचे पेर बसेल असे खळगे पाडले होते आणि प्रत्येक खळग्याभोवती लोखंडाची कड उठली होती. सपाट, कठीण पृष्ठभागावर शिशाची गोळी आदळली की ती चपटी होऊन फुटते आणि तिचे कण प्लेटच्या पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून, साधारण २० अंशांच्या आत, चारही बाजूंना चकतीसारखे पसरतात. नेमबाज समोर असतो, कण बाजूला जातात. गोळी खळग्यात पडली की हे गणित मोडते. खळग्याची भिंत कणांना वळवते आणि ते आल्या वाटेने परत फिरतात. .३१५ ने खराब केलेल्या प्लेटवर .२२ चालवणे हे या घटनेचे मूळ कारण.

जोडीला आणखी तीन गोष्टी होत्या. प्लेट सरळ उभी आणि पाइपला घट्ट वेल्ड केलेली, त्यामुळे आघाताची ताकद झोक्यात जिरत नव्हती आणि कण वर, खाली, बाजूला सारखेच उडत होते. मागचा पाइप प्लेटच्या दोन्ही बाजूंनी डोकावत होता. गोल पृष्ठभागावर घासून गेलेली गोळी कुठे जाईल याचा अंदाज कोणालाच बांधता येत नाही. आणि बाक नेमबाजांच्या रेषेच्या पुढे, बाजूला सरकवलेला होता.

पोलाद निवडताना

कोल्हापुरात लोखंड मिळणे सोपे आहे, आणि नेमकी त्यामुळेच चूक होते. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, कुठेही जा, कोणीतरी भंगारातून जाड तुकडा काढून देतो. पोरांसाठी आहे म्हटल्यावर पैसेही घेत नाही. पण जाडी पाहून टार्गेट निवडता येत नाही, कठीणपणा पाहावा लागतो. साध्या बांधकामाच्या प्लेटचा, आयएस २०६२ चा, ब्रिनेल कठीणपणा (दाबाने पडलेल्या ठशावरून मोजलेले कठीणपणाचे माप) १२० ते १४० च्या घरात असतो. रायफलच्या टार्गेटला ५०० च्या आसपासचा लागतो. बाजारात ही प्लेट एआर५०० किंवा हार्डॉक्स ५०० अशा नावांनी मिळते. डंपरची बकेटे, खडी मशिनची अस्तरे यांसाठी ती जिल्ह्यात येतच असते, त्यामुळे दुर्मीळ नाही. ४०० किंवा ४५० ची प्लेट फक्त .२२ साठी चालते. रांगेत कधीही मोठ्या बोअरची रायफल येणार असेल तर ५०० च घ्यावी.

भंगारातल्या काही वस्तू टार्गेट म्हणून हमखास सुचवल्या जातात, त्यांची नावे घेऊन नकार द्यावा. बिडाची झाकणे आणि प्लेटा: फाऊंड्रीचे गाव असल्याने सहज मिळतात, पण बीड ठिसूळ असते, ते फुटते आणि त्याचेच तुकडे उडतात. खडी मशिनचे जॉ (दगड फोडणारे जबडे): हे मँगनीज पोलाद मार खाऊन कठीण होते हे खरे, पण सुरुवातीला ते मऊ असते आणि त्याचा पृष्ठभाग खाचांचा असतो. गॅसची जुनी टाकी: तिचा प्रत्येक इंच वळलेला. रुळाचे तुकडे: तेच. पाचवी-सहावी नावे प्रत्येकाच्या गावात निघतील. कसोटी एकच, पृष्ठभाग सपाट आणि एकसारखा कठीण आहे का.

प्लेट घेताना मिलचे टेस्ट सर्टिफिकेट मागावे आणि त्यावरचा हीट नंबर (पोलादाच्या त्या घाण्याचा क्रमांक) प्लेटवरच्या छापाशी ताडून पाहावा. छापाचा कोपरा आधीच कापून गेला असेल तर कागदाला अर्थ उरत नाही. मग इथे कोल्हापूरची खरी सोय कामी येते. ब्रिनेल मशिन जवळपास प्रत्येक बऱ्या फाऊंड्रीत असते. त्याच प्लेटच्या कापलेल्या पट्टीवर १० मिमीच्या गोळ्याने ३००० किलो भार देऊन ठसा घ्यायला सांगावा. ठशाचा व्यास २.७ ते २.८ मिमी आला तर प्लेट ५०० च्या घरातली. ५ मिमीच्या पुढे आला तर साधे लोखंड रंगवून विकले आहे. एक काळजी मात्र घ्यावी: ४५० च्या वरच्या कठीणपणाला पोलादी गोळा वापरायचा नसतो, टंगस्टन कार्बाइडचा लागतो. रोज बिडाचे ओतीव तपासणाऱ्या मशिनवर कोणता गोळा बसवलाय हे आधी विचारावे.

जाडी किती? पूर्ण वेगाच्या .३१५ किंवा .३०-०६ ला १०० मीटरवर ५०० ब्रिनेलची १० मिमी प्लेट पुरते. .२२ ला ६ मिमीही पुष्कळ झाली. तरीही या क्लबला दोन्ही रांगांसाठी १० मिमीच सुचवली, कारण पातळ प्लेट कधीतरी कोणीतरी उचलून १०० मीटरवर टांगणारच. एकच जाडी ठेवली की ती शक्यता संपते. वजनाचा फरक हातात जाणवण्याइतका नाही: १५० मिमी व्यासाची १० मिमी चकती १.४ किलोची, २०० ची अडीच किलोची, ३०० ची साडेपाच किलोची.

वेगाची मर्यादा लक्षात ठेवावी. ५०० ब्रिनेलच्या प्लेटवर आदळताना गोळीचा वेग ९१४ मीटर प्रतिसेकंदाच्या, म्हणजे ३००० फुटांच्या, खाली असला पाहिजे. प्लेट खराब करण्यात वजनापेक्षा वेगाचा वाटा मोठा असतो. हलकी पण अतिवेगवान गोळी जड आणि संथ गोळीपेक्षा जास्त खोल खळगा पाडते.

कापताना पाणी उतरू देऊ नका

लोहाराच्या भाषेत सांगायचे तर या प्लेटला कारखान्यात पाणी दिलेले असते, म्हणजे तापवून झटकन थंड करून ती कठीण केलेली असते, आणि २५० अंश सेल्सियसच्या वर तापली की ते उतरते. गॅस कटरने कापलेल्या चकतीची कड चांगली बोटभर आतपर्यंत मऊ पडते. दिसायला फरक काहीच नसतो. मग कडेजवळ लागलेली प्रत्येक गोळी खळगा पाडते आणि महिन्याभरात आपण पुन्हा जुन्याच जागी येतो. पाण्याच्या धारेने कापणे सर्वांत उत्तम, लेझर व्यवहारात पुरेसा. लेझरची झळ कडेला अगदी अरुंद पट्ट्यापुरती पोहोचते. प्लाझ्माने कापायचेच असेल तर प्लेट पाण्यात ठेवून.

वेल्डिंग पूर्ण वर्ज्य. पुढूनही नाही आणि मागूनही नाही, कारण मागच्या टाक्याची झळ पुढच्या अंगावर गोल मऊ डाग सोडते. भोकेही ड्रिलने पाडत बसू नये, लेझरच्या ड्रॉइंगमध्येच द्यावीत. ग्राइंडरने कड मारताना निळी झाक आली तर तेवढी जागा गेली असे समजावे. आणखी एक सूचना इथे हटकून येते. आपल्याकडचा पाऊस पाहता प्लेटा गॅल्व्हनाइज करून घ्या, असे कोणीतरी म्हणतो. वितळलेल्या जस्ताचे तापमान ४५० अंशांच्या आसपास असते. त्यात बुडवलेली ५०० ची प्लेट ५०० ची राहत नाही. गंज येऊ द्यावा. वरवरच्या तांबड्या गंजाने टार्गेटचे काही बिघडत नाही.

क्लबची मागणी अशी ठरली: १५० मिमीच्या चार आणि १०० मिमीच्या दोन चकत्या ५० मीटरसाठी, ३०० आणि २०० मिमीच्या प्रत्येकी दोन १०० मीटरसाठी, शिवाय १५० च्या दोन आणि २०० ची एक राखीव. हे सगळे १००० × ६५० मिमीच्या एका तुकड्यात, चकत्यांमध्ये १० मिमी अंतर ठेवून बसते. तुकड्याचे वजन ५१ किलो. एका टोकाला जी १५० मिमीची पट्टी उरते तिच्यातूनच ब्रिनेलचा नमुना काढावा.

आकारांबद्दल एक मत. ५० मीटर रायफलच्या अधिकृत कागदावर दहाचे वर्तुळ १०.४ मिमीचे आणि काळा भाग ११२.४ मिमीचा असतो. १०० मिमीची चकती म्हणजे जवळपास तो सगळा काळा भाग. टणत्कार आला तरी गोळी सातावर गेली की दहावर, ते कळत नाही. स्पर्धेच्या वाटेवर असलेल्या मुलांचा मुख्य सराव कागदावर किंवा इलेक्ट्रॉनिक टार्गेटवरच राहायला हवा. पोलाद नवशिक्यांसाठी, वाऱ्याचा अंदाज शिकण्यासाठी आणि आठवड्याच्या शेवटी थोडी मोकळीक म्हणून.

टांगणी

प्लेट टांगलेली आणि वरचे टोक नेमबाजाकडे झुकलेले असावे, उभ्या रेषेपासून सुमारे २० अंश. असे झुकवल्यावर गोळीचा बहुतेक चुरा खाली जमिनीत जातो. सगळा जात नाही. काही कण वर आणि बाजूला उडतातच, म्हणून झुकाव हा चष्म्याला पर्याय ठरत नाही.

हा झुकाव मिळवायला स्प्रिंगची यंत्रणा लागत नाही, प्लेटचे स्वतःचे वजन पुरते. प्लेटच्या वरच्या भोकातून बोल्ट मागे काढायचा, त्यावर पाइपचा छोटा तुकडा स्पेसर म्हणून घालायचा आणि त्याच्या मागे टांगणीचा पट्टा आवळायचा. प्लेट पट्ट्याच्या पुढे राहते, तिचा गुरुत्वमध्य पट्ट्याखाली यायला बघतो आणि खालचे टोक मागे जाते. स्पेसरची लांबी काढायची रीत सोपी आहे: भोकापासून चकतीच्या मध्यापर्यंतचे उभे अंतर गुणिले ०.३६. १०० मिमीच्या चकतीत भोक कडेपासून १८ मिमीवर धरले तर मध्य ३२ मिमी खाली येतो आणि स्पेसर १२ मिमीचा लागतो. १५० ला भोक २० मिमीवर, स्पेसर २० मिमी. २०० ला भोक २५ मिमीवर, स्पेसर २७ मिमी. ३०० ची चकती एका बोल्टवर गरगरते, म्हणून तिला दोन भोके, एकमेकांपासून १६० मिमीवर आणि मध्यापासून १०० मिमी वर, आणि स्पेसर ३६ मिमीचे.

हे आकडे सुरुवातीचे आहेत. पट्टा ताठर असेल तर झुकाव कमी भरतो. टांगल्यावर मोबाइलच्या कोनमापकाने प्लेटची पाठ मोजावी आणि वॉशर घालून किंवा काढून १८ ते २२ अंशांत आणावे. १५ च्या खाली असेल तर वापरू नये.

बोल्ट एम१२, चौकोनी मानेचा आणि गोल डोक्याचा, ८.८ ग्रेडचा. लेझरने १३ मिमीचे चौकोनी भोक पाडले की मान त्यात अडकते, बोल्ट फिरत नाही आणि नट पूर्णपणे मागे राहतो. षटकोनी डोके पुढे ठेवण्याची चूक फार होते. त्याच्या सहा कोपऱ्यांवरून शिसे कुठेही उडते. साखळी टाळावी, कारण गोळी लागून कडी तुटली की तिचा तुकडा स्वतःच गोळी होतो. तिच्या जागी जुना कन्व्हेयर बेल्ट उत्तम. साखर कारखाने आणि फाऊंड्र्या असलेल्या जिल्ह्यात तो शोधावा लागत नाही. मात्र आत नायलॉनच्या कापडाचे थर असलेलाच घ्यावा, पोलादी तारांचा नको. ७५ मिमी रुंद आणि ३०० मिमी लांब पट्ट्या पुरतात. गोळी बेल्टमधून आरपार जाते, तो लगेच तुटत नाही. कडेने फाटायला लागला की बदलायचा.

चौकट लाकडाची. निलगिरीचे १०० मिमी जाडीचे वासे उभे आणि वर ७५ × १०० मिमीची आडवी तुळई. लाकूड गोळी गिळते, झिजते आणि स्वस्तात बदलता येते. लोखंडी अँगलची चौकट जास्त टिकाऊ दिसते, पण तिला लागलेली प्रत्येक गोळी नव्या कोनातून उडते. सगळ्या प्लेटा एका रांगेत एकाच रेषेवर, मागे-पुढे नाही, आणि दोन प्लेटांमध्ये लाकडी फळी उभी, म्हणजे एकीचा चुरा शेजारचा पट्टा कापत नाही. प्लेटची खालची कड जमिनीपासून ६० ते ९० सेंटिमीटरवर. खालची जमीन भुसभुशीत हवी. तिथे फरशी, खडी किंवा पेव्हर असता कामा नये.

खाणीची भिंत म्हणजे बांध नव्हे

या जागेची सर्वांत मोठी चूक प्लेटांमागे होती. खाणीचा काळा कातळ ९ मीटर उंच उभा आहे आणि तीच नैसर्गिक संरक्षक भिंत असे धरून सगळे चालले होते. कातळाला लागलेली गोळी फुटून किंवा टप्पा घेऊन परत येते, आणि दगडाच्या कपच्याही सोबत येतात. मऊ प्लेटांवर जेवढी चर्चा झाली तेवढी या भिंतीवर व्हायला हवी होती.

उपाय मातीचा. कातळाला टेकून ६ मीटर उंच, माथ्याला दीड मीटर रुंद आणि पुढे ४५ अंश उताराचा बांध, लांबी २० मीटर. छेदाचे क्षेत्रफळ २७ चौरस मीटर, म्हणजे ५४० घनमीटर, १९० ब्रास. दाबल्यावर माती बसते, म्हणून २३० ब्रासचा हिशोब धरावा. आतल्या भरावाला मुरूम चालतो. पुढचा ६० सेंटिमीटरचा थर मात्र चाळलेल्या मातीचाच हवा, त्यात सुपारीएवढाही खडा नको. तो थर साधारण १०० घनमीटरचा, ३६ ब्रास. एवढ्या उत्खननासाठी आणि वाहतुकीसाठी गौण खनिजाची परवानगी तहसीलदारांकडून घ्यावी लागते. ते काम उन्हाळ्यापूर्वी उरकावे, मग मे महिन्यापर्यंत थर दाबून होतात.

आपल्याकडच्या पावसात ४५ अंशांचा उतार उघडा टिकत नाही. माथ्यावर आणि कडांना वाळा लावावा, त्याच्या मुळ्या माती धरतात. गोळ्या पडतात तो मधला पट्टा मोकळा ठेवून दर पावसाळ्यानंतर नव्याने भरावा. पाऊस माती धुऊन नेतो आणि खडे वर सोडतो, म्हणून ऑक्टोबरची पहिली फैर झाडण्यापूर्वी तो पट्टा दाताळ्याने ओढून पाहणे आवश्यक. जुने टायर रचून बांध करण्याची कल्पना टाळावी. उघड्या रबरावरून गोळी उसळते.

प्लेटा बांधाच्या पायथ्यापासून दोन-अडीच मीटरवर ठेवाव्यात, म्हणजे हुकलेली गोळी जमिनीला न घासता थेट मातीत जाते. प्लेटा बांधापासून दूर ठेवल्या तर खालून हुकलेली गोळी सपाट जमिनीवर टप्पा घेऊन बांधावरूनही जाऊ शकते. २५ मीटरवर आणलेल्या त्या दोन प्लेटांमध्ये हाही धोका होता. टार्गेट जवळ हवे असेल तर प्लेट पुढे आणू नये, नेमबाजाला बांधाकडे न्यावे. मधली जमीन नांगरून मऊ ठेवावी.

बांधापलीकडचा ऊस

.२२ च्या काडतुसांच्या डब्यांवर दीड मैलापर्यंत धोका असल्याचा इशारा छापलेला असतो. दीड मैल म्हणजे सुमारे २.४ किलोमीटर. खाणीच्या मागे ऊस आहे आणि उसामधून पाणंद जाते. उभ्या उसात माणूस दिसत नाही. तोडणीच्या दिवसांत तिथे टोळ्या असतात, बैलगाड्या असतात, फडाच्या कडेला लहान मुले असतात. ‘मागे कोणी नाही’ हे वाक्य ऑक्टोबर ते मार्चमध्ये कधीही खरे धरू नये.

म्हणून शेडच्या पुढे, नळी जास्त वर गेली तर गोळी अडवणारा आडवा लाकडी पडदा बसवावा: दोन फळ्या आणि मध्ये १५० मिमी चाळलेल्या वाळूचा थर. उंची अशी ठेवावी की नेमबाजाच्या डोळ्याच्या रेषेतून बांधाच्या माथ्यावरचे आकाश दिसता कामा नये. ही तपासणी झोपून, गुडघ्यावर बसून आणि उभे राहून अशी तिन्ही स्थितींतून करावी, कारण झोपलेल्याला जे दिसत नाही ते उभ्याला दिसते. पाणंदीच्या दोन्ही टोकांना दिसेल असा लाल झेंडा लावावा, आणि तोडणीचे वेळापत्रक शेतकऱ्याकडून घेऊन त्या दिवशी रेंज बंद ठेवावी. पोलीस पाटलांना वेळा लेखी कळवाव्यात. हे सगळे शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ खाली परवाना असलेल्या रेंजवरचेच काम आहे. पीकसंरक्षणाचा परवाना आहे म्हणून शेताच्या बांधावर प्लेट टांगून सराव करणे कोणीही करू नये.

पहिली चाचणी

नवी प्लेट टांगली आणि लगेच मुलांना बोलावले, असे करू नये. प्लेटच्या दोन्ही बाजूंना २ मीटरवर, समोर ५ आणि १० मीटरवर आणि शेडच्या रेषेत, गोळीची वाट मोकळी ठेवून, कोऱ्या पुठ्ठ्याचे मोठे तक्ते उभे करावेत. फ्रिजचे खोके उलगडले की पुरते. एकच अनुभवी नेमबाज, पूर्ण चष्मा, पूर्ण बाह्या, आणि बाकी सगळे नेमबाजाच्या मागे, आडोशाला. प्रत्येक प्लेटवर २० गोळ्या. मग तक्ते तपासायचे. बाजूच्या तक्त्यांवर चिरा आणि भोके दिसणारच, तो चुरा तिथेच जायला हवा. समोरच्या १० मीटरच्या तक्त्यावर एकही नवी खूण दिसली तर थांबायचे: झुकाव, बोल्टचे डोके आणि पृष्ठभाग पुन्हा पाहायचा. शेडच्या रेषेतल्या तक्त्यावर खूण दिसली तर ती प्लेट त्या दिवशी उतरवायची.

अंतराच्या मर्यादा: सेंटरफायर रायफल (.३१५ सारखी मोठ्या काडतुसाची) ९१ मीटरच्या, म्हणजे १०० यार्डांच्या आत पोलादावर चालवायची नाही. .२२ साठी या क्लबला किमान २५ मीटर ठरवून दिले. काही उत्पादक त्याहून जवळची परवानगी देतात, पण मुले आणि पालक असलेल्या जागी ती घेऊ नये. छर्ऱ्यांच्या बंदुकीचे पोलादी बीबी (गोल छर्रे) पोलादावर कधीच नाहीत, ते जोरात परत येतात.

काडतुसे रेंजवर येताच लोहचुंबक लावून पाहावीत. गोळीला चुंबक चिकटला तर तिच्या कवचात किंवा गाभ्यात पोलाद आहे. अशी गोळी प्लेट खराब करते, तिचे तुकडे कठीण असतात आणि ठिणगी पडते. फेब्रुवारीत वाळलेल्या गवताशेजारी किंवा पाचटाशेजारी ठिणगी म्हणजे काय, हे कोल्हापुरात सांगायला नको.

चष्म्याचा नियम रेंजवर असलेल्या प्रत्येकासाठी: नेमबाज, प्रशिक्षक, पालक, पाणी आणणारा पोरगा. पॉलिकार्बोनेटचा, बाजूंनी बंद, एएनएसआय झेड८७.१ किंवा ईएन १६६ छाप असलेला. नंबरचा साधा चष्मा यात धरत नाही. कानाला मफ. बाक नेमबाजांच्या रेषेच्या किमान ५ मीटर मागे, आणि तो जमिनीत पक्का केलेला, म्हणजे सावलीसाठी कोणी पुढे ओढणार नाही.

रोजची निगा

सराव सुरू होण्यापूर्वी जबाबदार व्यक्तीने हातमोजा घालून प्रत्येक प्लेटवर हात फिरवावा. उठलेली कड, खळगा किंवा चीर हाताला लागली तर प्लेट बाद. घासून किंवा वेल्डने भरून दुरुस्ती करायची नाही. पोलादी पट्टी आडवी धरून पाहावी. मधून उजेड दिसला तर प्लेट कमानली आहे, ती मागची बाजू पुढे करून टांगावी, पुढच्या माराने ती सरळ होत जाते. दोन्ही बाजू खराब झाल्यावर भंगारात देताना मधोमध गॅसने चीर पाडून द्यावी, म्हणजे ती फिरून दुसऱ्या रेंजवर येणार नाही. .३१५ च्या प्लेटांची पाठ लाल रंगवावी, .२२ च्या प्लेटांची निळी. लाल प्लेट ५० मीटरवर कधीही न्यायची नाही, चांगली दिसत असली तरी. पुढच्या अंगाला साधा पांढरा डिस्टेंपर पुरतो आणि पाण्यात कालवून मिनिटाभरात फासता येतो.

प्लेटांखाली दीड-दोन मीटरच्या पट्ट्यात शिशाचा चुरा साठतो. तिथे ३०० मिमी वाळूचा थर टाकून, दर वर्षी मेमध्ये, पावसाच्या आधी, तो चाळून शिसे बाहेर काढावे. ते काम मास्क लावून आणि वाळू किंचित ओली करून करावे. उतार विहिरीकडे असेल तर मध्ये चर आणि गाळ बसायला खड्डा हवा. प्लेटा रंगवल्यावर, हलवल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कोणी डबा उघडायचा नाही. मुलांना प्लेटांखालचे तुकडे आठवण म्हणून गोळा करू देऊ नये.

क्लबने क्रम असा घेतला: आधी बांध आणि वाळूचा पडदा, मग ५० मीटरची रांग, आणि बांध एक पावसाळा काढून त्याचा उतार शाबूत राहिलेला पाहिल्यावरच १०० मीटरची. जुन्या पाच प्लेटा पाइपसह उपटून भंगारात गेल्या. .३१५ चे सभासद तोपर्यंत कागदावर सराव करतील, तोही बांधाचे काम पूर्ण झाल्यावर.